कॅलेंडरवरचा लाल टिपका

हिंदी मुलखातल्या आलमबागच्या रेल्वे कॉलनीत सुनीतीला सगळे ‘थैलीवाली भाभी’ म्हणत. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून ती भाजीला जायची, आणि भाजीवाल्याने प्लास्टिकची पन्नी पुढे केली की दोन पावलं मागे सरायची, जणू त्याने पाल धरली आहे. तेल किटलीतून, दूध पातेल्यातून. गच्चीवर सोलर कुकर होता. सकाळी नऊला काळे डबे आत ठेवले की बारापर्यंत डाळभात शिजे, माकडांनी काच उचकटली नाही तर.

नवरा नरहर डिझेल शेडमध्ये इंजिनियर. “माझं एक इंजिन सकाळी नुसतं गरम होताना जेवढं पितं,” तो म्हणे, “तेवढं वाचवायला तुला किती जन्म वरण उन्हात ठेवावं लागेल?”

“तुम्ही तुमचं इंजिन बघा. मी माझं वरण बघते.”

तो हसे. ती हसत नसे, कारण या सगळ्याच्या मुळाशी भीती होती. साताऱ्याच्या कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळे ब्याण्णवच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आलेला पृथ्वी तापत चालल्याचा लेख तिला नुसता चाळून बाजूला ठेवता आला नाही. पन्नास वर्षांनी काय होईल, असं त्यात लिहिलं होतं. जुई तेव्हा नऊ वर्षांची होती. म्हणजे पन्नास वर्षांनी एकोणसाठ. तापलेल्या कुठल्यातरी शहरात एकोणसाठ वर्षांची जुई, आणि तिला पाणी द्यायला आपण नाही. हे चित्र सुनीतीच्या डोक्यातून जाईना.

जुईला तिने ते समजावून सांगितलं. जरा जास्तच सांगितलं असावं. पोरीने स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर तिघांची नावं लिहिली आणि स्केचपेनने टिपके द्यायला सुरुवात केली. पन्नी आणली नाही, दिवा विझवला, चालत गेलं, की हिरवा. स्कूटर, टेंपो, की लाल. नरहरच्या ओळीत गोवर उठल्यासारखा लाल रंग. जुईची ओळ मात्र सगळी हिरवीगार. कॉलनीतल्या मुली भाड्याच्या तीनचाकी टेंपोत कोंबून शाळेत जात, जुई सदर भागातल्या शाळेत सायकलने जाई. टेंपोच्या मागून निघणारा तो काळा धूर सुनीतीला बघवत नसे.

शेजारच्या तिवारी भाभी एकदा मटार सोलता सोलता म्हणाल्या होत्या, “धुएँ से तो आपने बचा लिया बिटिया को, ट्रक से कौन बचाएगा?” सुनीतीने ते हसण्यावारी नेलं होतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत एका मंगळवारी ते वाक्य परत आलं. दिवसभर कोहरा, तिथलं ते दाट धुकं, हटलाच नव्हता. कुकर गच्चीवर चादरीखाली पडून होता. जुई साडेतीनला घरी येते. चार वाजले. साडेचारला सुनीतीने तिवारींकडून शाळेत फोन केला. मुली अडीचला सुटल्या, खेळाचा सराव तीनला संपला, असं उत्तर आलं. तिने शेडमध्ये नरहरला फोन लावला. तो म्हणाला, “निघालो. तू घर सोडू नकोस, ती आली तर?”

पण तिच्याने घरात बसवेना. तिवारी भाभींना दाराशी बसवून ती कानपूर रोडवर आली. दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. ट्रकचे दिवे आधी पिवळे डाग होऊन येत, मग एकदम अंगावर. मवैयाच्या रेल्वेपुलापर्यंत ती जवळजवळ पळत गेली. प्रत्येक सायकलच्या घंटीला थांबायची. टेंपोवाले ओरडत होते, “आलमबाग, आलमबाग,” आणि एकेका टेंपोत मुली बसल्या होत्या, खेटून, ऊबेत, सुखरूप. सुनीती त्यांच्याकडे बघत राहिली. धुराने तिला खोकला आला. या धुरापायी मी तिला या रस्त्यावर सोडलं, एवढंच तिच्या मनात येत होतं.

पुलाखाली आधी खरखर ऐकू आली. मग निळा स्वेटर दिसला. जुई सायकलचं मागचं चाक कॅरियरला धरून उचलत, पुढचं ढकलत, चार पावलं टाकून थांबत येत होती. रिम वाकून चाक जाम झालं होतं. ओठ निळे पडले होते.

सुनीतीने आधी तिचे हात, गुडघे, डोकं चाचपलं. मग शब्द फुटला. “लागलंय कुठे?”

“नहीं. गड्ढे में गई थी बस.” इथे वाढलेली जुई हिंदीतच बोलायची.

“अगं, मग टेंपो का नाही केलास? कंपासपेटीत अडचणीसाठी ठेवलेली नोट आहे ना?”

“है. एक भैया बोले भी, साइकिल ऊपर रख देंगे.” जुईचे दात वाजत होते. “लाल टिपका लग जाता, आई.”

सुनीतीने स्वतःची शाल तिच्याभोवती गुंडाळली. तेवढ्यात समोरून नरहरची स्कूटर आली. सायकल त्याने पानवाल्याकडे ठेवली, पण जुई स्कूटरवरही बसेना, म्हणून स्कूटर ढकलत तिघं चालतच घरी आली. 

सकाळी जुईच्या अंगात एकशे दोन ताप होता. नरहरची पहाटेची पाळी. दवाखान्यात न्यायला सुनीतीने टेंपो थांबवला, तर पोरगी पायरीशीच अडून बसली.

“रिक्शा कर लो ना.”

“पाऊण तास सायकलरिक्षात उघड्यावर? चढ.”

“मेरी पूरी लाइन हरी है.”

“टिपका माझ्या नावावर,” सुनीती म्हणाली आणि तिला उचलून आत बसवलं.

घरी आल्यावर तिने खरंच स्वतःच्या ओळीत लाल टिपका दिला. जुईने पलंगावरून मान वर करून खात्री करून घेतली. मग सुनीती तिच्या उशाशी बसली. “मी तुला घाबरवलं ना, तेवढं घाबरायचं नव्हतं. हे सगळं मी तुझ्यासाठीच करते. तूच रस्त्यावर राहिलीस तर काय करायचं त्या हिरव्या ओळीचं?”

“अच्छा,” जुई म्हणाली. तिला कितपत पटलं ते कळलं नाही.

फेब्रुवारीत रिम बदलून झाली आणि जुई पुन्हा सायकलने जाऊ लागली. सुनीती फाटकाशी उभी राहायची, सायकल दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ. आता तिला दोन भीती होत्या, आणि एकीची समजूत काढली की दुसरी जागी व्हायची.

महिनाअखेरीला ती दारामागे झाडत होती. कॅलेंडरवर, जुईच्या हिरव्या ओळीत, बावीस तारखेला एक लाल टिपका होता. बावीसला संध्याकाळी गारा पडल्या होत्या. जुई वेळेवर घरी आली होती, कोरडी, आणि सायकल दुसऱ्या दिवशी शाळेतून आणली होती. सुनीतीने तेव्हा विचारलंच नव्हतं.

तिने जुईच्या दप्तरातली कंपासपेटी उघडली. नोट नव्हती. पैशांच्या डब्यातून दुसरी काढून तिने चौघडी केली आणि जागेवर ठेवली. टिपक्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग गच्चीवर ऊन आलं असेल म्हणून कुकरचा आरसा फिरवायला जिना चढली.