न खाणारं पिल्लू

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या सापाची पिल्लं सांभाळाल का म्हणून विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते निव्वळ नवऱ्याने नको म्हटलं म्हणून. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात असंच चाललं होतं. त्याने पूर्व म्हटलं की मी पश्चिम म्हणायचे. भांडायला मला कारण लागत नव्हतं, तो बिचारा समोर उभा असला तरी पुरायचं.

"अगं, तुला आत्ता हे कशाला?" तो म्हणाला. "दुष्काळात तेरावा महिना."

"दुष्काळ माझा आहे ना? मग महिने मी मोजीन," मी म्हटलं.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटला येऊन आम्हाला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. दोन हजार चार-पाचचा तो काळ. तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. मी पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून त्याच्यामागे आले होते. सकाळी जर्मनचा क्लास आणि मग दिवसभर घर, असं माझं आयुष्य. त्या वर्षी पाडव्याच्या आसपास, सातवा महिना चालू असताना, आमची मुलगी पोटातच गेली. जन्माला आली ती गेलेलीच आली.

हेबामेने, म्हणजे इथल्या सुईणीने, मला विचारलं होतं. दोनदा विचारलं. "बाळाला जवळ घ्यायचंय का?" इथे तशी पद्धत आहे. गेलेलं मूलही आईच्या हातात देतात, हवा तेवढा वेळ ठेवू देतात. आपल्याकडे असं मूल आईला दाखवत नाहीत. नवरा तेवढ्यात बाहेर जाऊन सासूबाईंशी फोनवर बोलून आला होता. तो म्हणाला, "तू बघू नकोस. बघितलंस तर आयुष्यभर डोळ्यांसमोरून हलणार नाही." मी इतकी दमले होते, की मान भिंतीकडे वळवली. पुढचं सगळं, अगदी पुरण्यापर्यंत, त्यानेच केलं. मी त्याला काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही. आणि झालं उलटंच. न बघितलेली मुलगीच डोळ्यांसमोरून हलेना. रस्त्यातल्या प्रत्येक बाबागाडीत मी डोकावायचे आणि मनातल्या मनात चेहरे लावून बघायचे. एकही बसायचा नाही.

दूध मात्र आलं. गोळ्या दिल्या होत्या तरी आलं. हेबामे घरी येऊन कोबीची गार पानं छातीला बांधायला सांगून गेली, त्याने दूध आटतं म्हणे. मी ती पानं बांधून सोफ्यावर बसायचे आणि शिव्या घालायचे. कुणाला, ते माहीत नाही. देवालाच असतील. मला कुणाला तरी भरवायचं होतं, बाकी काही नको होतं.

तर खालच्या बाई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, सत्तरीला आलेल्या, एकट्या. त्यांना सापांचं वेड होतं. घरातली एक अख्खी खोली त्यांनी काचेच्या पेट्यांना देऊन टाकली होती. बिल्डिंगमधली बाकीची माणसं मला जिन्यात बघून एक तर चेहरा पाडायची, नाही तर टपाल बघायचं सोंग करायची. या बाईंनी कधी चेहरा पाडला नाही. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढे काही आठवडे त्यांना दुसऱ्या गावी आरोग्यकेंद्रात राहायचं होतं. नेमकी तेव्हाच अंडी फुटली होती.

"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे आपलं 'तर मग', "मोठे साप माझा पुतण्या नेतोय. पिल्लांना तो घाबरत नाही, पण त्याला धीर नाही. तुम्ही घरी असता. जमेल?"

धीर माझ्यात आहे असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनीही म्हटलं नव्हतं तसं, पण मला तसं ऐकू आलं.

अमेरिकेकडची ती बिनविषारी जात. पिल्लं बुटाच्या नाडीएवढी, केशरी, पाठीवर तांबडे डाग. प्रत्येकाला वेगळा प्लॅस्टिकचा डबा, तळाला किचन पेपर, कोपऱ्यात पाण्याची झाकणाएवढी वाटी. पहिली कात टाकली की त्यांना खायला घालायचं. खायला काय, तर नुकती जन्मलेली उंदराची पिल्लं. ती फ्रीजरमध्ये गोठवलेली मिळतात. पिशवी गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की चिमट्याने एकेक डब्यात ठेवायचं.

मी अशा घरातली, जिथे ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा असतो आणि तो गॅलरीत असतो. पण अडचण ती नव्हती. पिशवी उघडली आणि आत ती दिसली. गुलाबी, केस नसलेली, डोळे मिटलेले, हात छातीशी. मी पिशवी होती तशी ओट्यावर टाकली आणि जिन्यात जाऊन बसले. हुंदके दाबायला पदर नव्हता, जीन्स होती, म्हणून गुडघे चावले. बऱ्याच वेळाने आत आले. पिल्लं डब्यात जिभा बाहेर काढून वाट बघत होती, किंवा मला तसं वाटलं. म्हटलं, चला, यांचा काय दोष? कुणाचं तरी पोट भरू दे.

आणि भरलं. दोन पिल्लांनी तर चिमट्यातूनच ओढून घेतलं, मेली हावरट! बाकीच्यांना डबा झाकून अंधारात ठेवलं, की दुसऱ्या दिवशी पोट फुगलेलं दिसायचं. इवल्याशा अंगात गाठ मारल्यासारखं. मला इतका आनंद व्हायचा की सांगायची सोय नाही. नवरा कामावरून आला की मी दारातच सांगायचे, "आज सगळ्यांनी खाल्लं. एक सोडून."

ते एक. सगळ्यात बारीक, रंगाने जरा फिकट. उंदराचा वास आला की तोंड फिरवून डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. रुसलेल्या जावयासारखं.

बाईंना फोन केला. त्यांनी एकेक उपाय सांगितला. उंदीर साबणाने धुऊन बघा. धुतला. त्यांच्या कपाटात बरणीत पालीची कात आहे, ती उंदराला चोळून बघा, पालीच्या वासाने तरी खाईल. चोळली. उंदराच्या डोक्याला सुरीने बारीक चीर द्या, वासाने खाईल. तेही केलं, दात-ओठ खाऊन. चिमट्याने पिल्लाच्या शेपटीला हळूच डिवचा, चिडून चावेल आणि चावलं की गिळेल. मी डिवचलं. चिडलं नाही. नुसतं बाजूला झालं, चूक आपलीच असल्यासारखं.

"आणि बघत बसू नका," बाई म्हणाल्या. "ठेवायचं आणि निघून जायचं. तुम्ही समोर असलात की ते खाणार नाही."

आता हे मला कसं जमणार? आपल्याकडे न खाणाऱ्या माणसाला एकटं सोडून निघून जातात का? समोर बसायचं, पाठीवरून हात फिरवायचा, अजून एक घे म्हणायचं, माझी शपथ घालायची. माझी आई तर पाहुण्याच्या ताटावरचा आडवा हात बाजूला सारून वाढते. मी डबा झाकायचे, स्वयंपाकघरात जायचे, कणीक भिजवायला घ्यायचे आणि पिठाच्या हातांनीच परत यायचे. एकदा मी चिमटा धरून "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" म्हणत होते आणि मागे बघते तर नवरा दारात उभा. ऑफिसची बॅग खांद्यालाच. मला वाटलं आता हसणार. तो हसला नाही. बूट काढायला गेला. मलाच राग आला. म्हटलं, याला काहीच कसं वाटत नाही?

सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना कळलं. "अगं, मग वाटीत दूध ठेव की!"

"अहो आई, साप दूध पीत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं नागपंचमीला आम्ही वेड्या होतो का गं?"

दूध हा शब्द ऐकताच मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि निघून गेले. त्यांच्याशी मी तेव्हा सरळ बोलतच नव्हते. हॉस्पिटलातल्या त्या फोनवर त्या काय म्हणाल्या असतील, ते मी मनात हजारदा ऐकलं होतं.

पिल्लू दिवसेंदिवस आटत चाललं. पाठीचा कणा वर आला, कडेची कातडी सैल पडली. शेवटचा उपाय बाईंनी जड आवाजात सांगितला. दोन बोटांत डोकं धरायचं, उंदराचं नाक त्याच्या ओठांवर दाबून तोंड उघडायचं, आत थोडं सरकवायचं आणि तसंच हळूच खाली ठेवायचं. हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मी ते केलं. त्याचे जबडे माझ्या बोटांना लागले तेव्हा कळलं की त्यात जोरच नाही. खाली ठेवलं. ते तसंच राहिलं, तोंडात घास धरून. मग एकदा जबडा हलला. परत हलला. आणि त्याने गिळलं!

मी तोंडावर हात दाबून नाचले. चाळीस घरं ऐकतील असं ओरडावंसं वाटत होतं. त्या संध्याकाळी मी शिरा केला. नवऱ्याने दोनदा मागून घेतला आणि आम्ही कितीतरी महिन्यांनी टेबलावर समोरासमोर बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी पिल्लाने सगळं बाहेर टाकलं होतं.

बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही पिल्लं अशीच येतात. त्यांना खाणं उमजत नाही. तुमचं काही चुकलं नाही." अगदी हेच शब्द डॉक्टरांनी वापरले होते. सगळं तपासलं, कारण सापडलं नाही, तुमचं काही चुकलं नाही. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि ओट्यावरची बशी फोडली. चुकलेलं परवडतं हो! चुकलेलं असलं तर पुढच्या वेळी नीट करता येतं.

त्यानंतर मी बाईंचं ऐकलं. घास ठेवायचा, झाकायचं, आणि खरोखरच निघून जायचं. डॅन्यूबच्या काठाने मी चालत सुटायचे. परत आल्यावर लगेच झाकण उघडत नसे. मनात एकच, या एकाने खावं. बाकीच्या सगळ्यांनी उपाशी राहिलं तरी चालेल, असंही मनात यायचं.

त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात आले तेव्हा नवरा कामाच्या कपड्यांत ओट्याशी उभा होता. पाठ माझ्याकडे. हातात किचन पेपरची पुडी. डबा उघडा होता. रोज कामावर जाण्याआधी हा माणूस पिल्लू बघून जात होता, हेसुद्धा मला तेव्हा कळलं. मला पाहिल्यावर त्याने पुडी पाठीमागे नेली.

"गेलं का?" मी विचारलं.

"मी बघतो काय करायचं ते. तू बघू नकोस."

माझं डोकं फिरलं. एवढी मी कधीच ओरडले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात नाही, हॉस्पिटलातही नाही. "दाखव मला! कोण रे तू ठरवणारा, मी काय बघायचं आणि काय नाही? माझ्या हातात दे. आत्ताच्या आत्ता दे."

त्याने दिली. मी पुडी उघडली. ते बोटभर वेटोळ्यात होतं, तोंड किंचित उघडं, रंग अजून तसाच केशरी. काही भयंकर नव्हतं त्यात. एक लहान जीव होता, तो गेला होता. मी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि मग मी फरशीवर बसले आणि रडले. पोटातून, आवाज करून, घराघरात ऐकू जाईल असं. खोटं कशाला सांगू, सापासाठी नाही रडले.

तो माझ्याजवळ खाली बसला. इस्त्रीच्या पँटमध्ये, फरशीवर.

"तू बघितलंस तिला?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं.

त्याने मान हलवली. हो.

"कधी?"

"तुला झोपेचं औषध दिलं तेव्हा. हेबामेने पलीकडच्या खोलीत आणून दिलं. मला वाटलं होतं एकदा बघावं आणि यावं. पण तिने माझ्या हातातच ठेवलं. मग मला उठता येईना. आई म्हणाली, तिला यातलं काही सांगू नकोस. मलाही वाटलं, माझं एकट्याचं झालंय ते झालंय. तुला कशाला."

"कशी होती?"

"केस होते. काळे, ओले. नखं होती, एवढी बारीक. आणि कपाळाला आठी. तुझ्यासारखी. कुणावर तरी चिडल्यासारखी."

मला हसू आलं. रडता रडताच आलं, नाकातून पाणी येत असताना. "चिडणारच," मी म्हटलं. "माझी आहे."

"तुझीच होती."

"किती मोठी होती रे?"

त्याने शर्टाची बाही वर केली, उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरला आणि डाव्या हाताने दाखवलं, डोकं इथे होतं, कोपराच्या खळग्यात, आणि पाय इथपर्यंत, मनगटाच्या जरा अलीकडे.

"एवढी," तो म्हणाला.

मी जवळ सरकून बघितलं.