गायरानाचा जुना नकाशा
जर्दापानाचा वास आला की बीदरच्या कचेरीतली ती दुपार आठवते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला जुन्या नकाशांवरून नवे काढायच्या त्या नोकरीचं अप्रूप होतं. टेबलावर निजामाच्या काळातला, कापडावर डकवलेला नकाशा पसरला होता. आमच्याकडचा माळ, गायरान, गुरांचं तळं, सारं हाताने रंगवलेलं. गायरानावर डोळा असलेला गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, शेजारीच बसला होता. कचेरीच्या साहेबांनी वाकून नेमकी गायरानावरच जर्दापानाची पिचकारी मारली, अंगठ्याने चोळली आणि म्हणाले, "आता कुठं दिसायलंय गायरान?" दारात उभी म्हशीवाली अक्का कडाडली, "आमच्या म्हशी कागदावर चरायल्यात व्हय, साहेब?" "उद्यापासून तिथं बी चरायच्या न्हाईत," गुत्तेदार हसला. मी काढलेल्या नव्या नकाशात ती जागा कोरी निघाली. आज तिथे गुत्तेदाराने बांधलेली, साहेबांच्या नावाची कॉलनी आहे, आणि कमानीवर त्या नावाआधी 'दानशूर' लिहिलंय.