ताईने सोसायटीसाठी मागवलेले मोती

माझी ताई काही भोळीभाबडी नाही. हे मी सगळ्यांना सांगत आले, पण ऐकून कोण घेतंय!

ती भांडुपला राहते. भावोजींचं साकीनाक्याचं वर्कशॉप बंद पडलं, ते घरी बसले, आणि नुसत्या फॉल-पिकोवर घर चालेना. त्या सुमारास ताई मोबाइलवर मोत्यांचे दागिने विकणाऱ्या एका बाईचे लाइव्ह व्हिडिओ बघायला लागली. बाई हैदराबादहून बोलतेय असं सांगायची. चेहरा कधी दिसायचा नाही. नुसते हात, लाल मखमल आणि त्यावर मोत्यांचे सर. आवाज मात्र फार गोड. "घ्यायचं नसेल तर नका घेऊ ताई, पण बघा तरी," म्हणायची.

ताईने आधी फक्त कुड्या मागवल्या. डबा हातात आल्यावर पैसे दिले. उघडताना मला व्हिडिओ काढायला लावला. मग आम्ही दोघी घाटकोपरला ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने दोन्ही कुड्यांचे मोती एकमेकांवर घासून बघितले, भिंग लावलं आणि म्हणाला, "कल्चर मोती आहेत, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, पण खरे आहेत. भावही बरोबर लावलाय." येताना ताई रिक्षात बसून उगाचच हसत होती. किती दिवसांनी हसली होती.

त्या कुड्या घालून ती हळदीकुंकवाला गेली आणि बायकांनी तिला घेरलं. कुणाला नथ हवी, कुणाला बांगड्या. आपणच मागवून द्यायच्या, वर थोडे सुटतील, असं ताईच्या मनात आलं आणि तिने ते सगळ्यांना उघड सांगितलंही. तळमजल्यावरच्या काकूंना नातीच्या लग्नासाठी तन्मणी, कुड्या, नथ असं सगळंच हवं होतं. नातीला आई नाही, काकूंनीच वाढवलेली. "माका मोबायलातला काय कळाचा नाय गो. तुका आवडात ता घे," म्हणाल्या आणि साठवलेले पैसे ताईच्या ओंजळीत ठेवले.

एवढा माल म्हटल्यावर त्या बाईने आधी पैसे मागितले. खातं कुणा पुरुषाच्या नावावर. ताईने विचारलं तर, "भाऊ आहे ना माझा." ताई अडखळली. भावोजी म्हणाले, "सराफाने बघितलेत ना? मग आता कसला विचार करतेस?" पहिले मोती खरे निघाले, तिथेच तिची वाट लागली.

माल आला तो दिसायला झकास. काकूंनी ताईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

लग्न मुलुंडला, ऐन मे महिन्यात. हॉलचा एसी नावालाच होता. नवरीच्या गळ्यावर घामाबरोबर पांढरे पापुद्रे दिसायला लागले. आम्हाला वाटलं, पावडर असेल. मग नवऱ्या मुलाच्या आत्याने तन्मण्याचा एक मोती नखाने खरवडला. साल निघालं आणि आतून धुरकट प्लास्टिक दिसलं. "अगं बाई, खोटे घातलेत पोरीला!" ती एवढ्या मोठ्याने बोलली की पंगतीतल्या माना वळल्या. नवरीने शालू ओढून गळा झाकला आणि तशीच सप्तपदी चालली. काकू खुर्चीत बसून होत्या. त्या ताईकडे बघत राहिल्या. पुढे एकदाच बोलल्या, "तुझ्यार इस्वास होतो गो माझो."

ताईने हॉलच्या जिन्यात उभं राहून त्या बाईला फोन लावला. नंबर बंद. पेजही गायब. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. "पक्कं बिल? दुकानाचा पत्ता? या वेळी डबा उघडतानाचा व्हिडिओ?" ताई प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत राहिली. "पहिला माल खराच पाठवतात हो ही माणसं," ते म्हणाले आणि तक्रार लिहून घेतली. त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

काही आठवड्यांनी ताईला दुसऱ्याच नावाच्या पेजवर तो आवाज सापडला. तेच हात, तीच लाल मखमल. ताईने खाली लिहिलं, 'ही बाई फसवते, कुणी घेऊ नका.' क्षणात तिला ब्लॉक केलं. मग आम्ही माझ्या फोनवर बघत बसलो. बायका बदाम पाठवत होत्या, ऑर्डरी देत होत्या, आणि ती गोड आवाजात प्रत्येकीचं नाव घेत होती. ताईने फोन उलटा ठेवला.

हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून तिने सगळ्यांचे पैसे परत केले. तरी वरच्या मजल्यावरची एक जण बोललीच, "तुझं कमिशन तर सुटलं ना?" भावोजींनीही एकदा भांडणात विचारलं, "खरंच तुला माहीत नव्हतं?" त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

काकूंच्या नातीला सासरी टोमणे बसतात असं कानावर आलं, तेव्हा ताई मला घेऊन मुलुंडला त्यांच्याकडे गेली. सासूबाईंनी दार अर्धवटच उघडलं. "चूक माझी आहे, तिच्या आजीची नाही," ताई म्हणाली आणि त्या बाईचे मेसेज दाखवायला लागली. सासूबाईंनी फोनकडे बघितलं नाही. "म्हणजे विकणाऱ्या तुम्हीच ना?" एवढंच विचारलं. आत मुलगी उभी होती. ती पुढे आली नाही. पाणीही कुणी विचारलं नाही.

आता ताई सोसायटीच्या हळदीकुंकवाला जात नाही. तिला बोलावतही नाहीत. फॉल-पिकोच्या साड्याही यायच्या थांबल्या. 

या दिवाळीला तिने फराळ केला आणि डबा भरून माझ्या हाती काकूंकडे पाठवला. काकूंनी तो घेतला. "बरी आसा मा ती?" विचारलं. मला फार बरं वाटलं. काकू कधी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

भाऊबीजेनंतर डबा दारात आला. घासून पुसून लख्ख. ताईने झाकण काढून बघितलं, परत लावलं, आणि डबा फळीवर मागे सरकवून ठेवला.