कारखान्याचा भोंगा आणि लोहकरे सरांचा उपग्रह

मातीच्या घागरीवर खळीने कागदाचे थर चढवून केलेला पृथ्वीगोल. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा उपग्रह, त्याला छत्रीच्या काड्यांचे एरियल. तो डबा घागरीभोवती फिरावा म्हणून सायकलची रिम, आणि रिम फिरवायला शिवणयंत्राचे जुने चाक. आकाशातला कोन मोजण्यासाठी आंब्याच्या फळीचा अर्धगोल, त्याला गवंड्याचा ओळंबा. या सर्व वस्तू श्री. मुरलीधर सखाराम लोहकरे सरांनी स्वतःच्या हातांनी केल्या. कुणाकडून करवून घेतल्या नाहीत. हे मी खात्रीने लिहितो, कारण डब्याला कथलाचा डाग देण्याचे काम मी मागत होतो आणि सरांनी ते मला दिले नाही. त्यांचा डाग ओबडधोबड आहे, पण पक्का आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट त्या छत्रीमुळेच झाली. राहात्याच्या पेठेत माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान. सर छत्री घेऊन आले, तेव्हा छत्रीवाला पलीकडच्या गल्लीत बसतो, असे मी सांगितले. सर म्हणाले, "दुरुस्त नाही करायची, मोडायची आहे. तुमची पक्कड द्या."

उपग्रहाला एरियल करायचे आहे, हे कळल्यावर मी विचारले, "काड्या एवढ्याच लांब का?"

"शोभतात म्हणून."

"शोभेला एरियल नसते, सर. लहरीच्या लांबीवर एरियलची लांबी ठरते."

मी चौथी शिकलेलो. रेडिओ मला कुणी शिकवला नाही. बंद पडलेले सेट उघडून मी तो शिकलो. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा दुसरा कुणी असता तर पक्कड ठेवून निघून गेला असता. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला हे ठाऊक नव्हते. नीट समजावून सांगा." त्यानंतर प्रत्येक व्याख्यानात काड्यांकडे बोट दाखवून सर सांगत आले, "ही लांबी आमच्या रेडिओ-मिस्त्रींनी ठरवली आहे."

व्याख्याने आठवडे बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर, शाळेच्या ओसरीत होत. कृत्रिम उपग्रह म्हणजे माणसाने केलेला छोटा चंद्र, अशी सुरुवात. मग सर डब्याचे झाकण काढून आतले दाखवत: ही विजेची घटमाळ, हा संदेश पाठवणारा भाग, हा ऐकणारा. बाहेरच्या निळ्या काचा उन्हाची वीज करतात. लहरी सरळ जातात आणि पृथ्वी आहे गोल, म्हणून दूरच्या गावाला निरोप द्यायचा तर तो वर उपग्रहाकडे पाठवायचा आणि तिथून खाली घ्यायचा. काही उपग्रह ढगांची चित्रे घेतात. इथे शेतकरी मंडळी पुढे सरकत. "मग पाऊस पाडतो का?" असा प्रश्न हमखास येई. "ढग कुठे आहेत एवढे सांगतो. नसलेले ढग आणत नाही," हे सरांचे उत्तर.

एकदा साखर कारखान्यातले बाबूराव फिटर उभे राहिले. "मास्तर, आमच्याकडं साखरेचं फिरतं यंत्र हाय. ते फिरलं की मळी भाईर फेकली जाती. मग तुमचा डबा एवढा फिरतोय, त्यो फेकला कसा जात न्हाई?"

"मळी जाते. साखर का जात नाही?"

"साखर जाळीला अडती."

"आणि जाळीच काढली तर?"

"सगळी साखर भिताडावर!"

"पृथ्वीची ओढ ही उपग्रहाची जाळी," सर म्हणाले. "आता गोफण घ्या. इथून दगड मारला तर तो शिर्डीच्या अलीकडेच पडेल. पुष्कळ जोर लावला तर नगरला."

"कुनाच्या तरी डोक्यात!"

"त्याहून प्रचंड जोर लावला तर? दगड खाली पडतोच आहे, पण पृथ्वी गोल असल्याने जमीनही तेवढीच खाली वळत जाते. पडता पडता तो फिरतच राहतो. उपग्रह वर टांगलेला नसतो, बाबूराव. तो सारखा पडतच असतो."

बाबूराव बसले, पण पटले नसल्यासारखे बसले.

ओसरीत ठेवलेल्या वस्तूंचे मात्र हाल होते. एका शेळीने खळीच्या वासाने पृथ्वीगोल चाटून हिंदी महासागर आणि निम्मा आफ्रिका खाल्ला. सरांनी आफ्रिका पुन्हा चिकटवला आणि शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा यांच्याकडे कोपऱ्यातली खोली मागितली. तिच्यात खताची रिकामी पोती भरलेली होती. अण्णा रोखठोक माणूस. "मास्तर, डबडं फिरवून कुनीबी दाखवंल. आभाळातला खरा दाखवा. दिसला तर खोली तुमची. न्हाई दिसला तर ही डबडी घरी न्या आन् व्याख्यान बंद."

सरांनी मान्य केले. उपग्रहांची वेळापत्रके आमच्याकडे कुठून असणार? सर रोज दिवेलागणीला शाळेच्या गच्चीवर अर्धगोल घेऊन बसू लागले. शेजारी माझ्या दुकानातले घड्याळ. ते मी रेडिओच्या ठोक्यांवर लावत असे. राहात्यात बिनचूक घड्याळ त्या वेळी हे एकच होते. एक उपग्रह सापडला. तो रोज अर्धा तास उशिरा आणि जरासा पश्चिमेला सरकून येत होता. सरांनी हिशेब केला आणि फळ्यावर जाहीर केले: उद्या संध्याकाळी सातला.

सातला उपग्रह आला. मैदानात सर, मी आणि पाचसहा माणसे. कडुनिंबामागून निघालेला तो ठिपका न लुकलुकता उत्तरेकडे गेला, आणि तो गेल्यावर अण्णांची जीप आली. मागोमाग सारा गाव आला.

"काय मास्तर, कुठंय?"

बाबूराव सरांच्या कानाशी लागले. मी जवळच होतो. "मास्तर, ती बगा शुक्राची चांदनी. खाली सरकतीयाच की. तीच दावा. अण्णांना काय कळतंय?"

सरांनी एक क्षणही घेतला नाही. मोठ्याने म्हणाले, "अण्णा, तो येऊन गेला. ही समोर दिसते ती शुक्राची चांदणी आहे. हिला उपग्रह म्हणालो तर खोली मिळेल, पण मग त्या खोलीत मी शिकवू काय?"

"माझ्यासाठी थांबला न्हाई व्हय?" अण्णांनी मनगट पुढे केले. "आत्ता सात वाजत्यात. कारखान्याच्या भोंग्यावर लावलेलं घड्याळ हाय."

तेव्हा उलगडा झाला. आमच्या भागात सगळ्यांची घड्याळे दुपारच्या भोंग्यावर लागत, आणि भोंगा वाजवणारा आपले जेवण आटपल्याशिवाय दोरी ओढत नसे. सारा तालुका एकसारखाच मागे असल्यामुळे कधी कुणाला उशीर होत नव्हता. एस.टी. भोंग्यावर सुटे, शाळा भोंग्यावर भरे, लग्ने भोंग्यावर लागत. मी हे बोलून दाखवताच बाबूराव उसळले. "आमचा भोंगा चुकतो म्हनता?"

"भोंगा चुकत नाही," सर म्हणाले. "उपग्रहाला तो ऐकू येत नाही." लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

"मंग फेरी मारून पुन्हा कवा यील?"

"पावणेदोन तासांत त्याची फेरी होईल. पण तोवर पृथ्वी आपल्याला घेऊन पूर्वेला वळलेली असेल. तो जाईल अरबस्तानावरून. उद्या साडेसातला या."

"इतका अंधार पडल्यावर?"

"त्याला स्वतःचा दिवा नाही. सूर्य मावळल्यावर खाली सावली पडते, तरी कारखान्याच्या चिमणीचं टोक थोडा वेळ उन्हात लाल दिसतं ना? तसं त्याचं आहे. तो चिमणीहून फार उंच, म्हणून आपल्याकडे अंधार पडला तरी त्याच्यावर ऊन असतं."

"उद्या एकदाच यीन," म्हणून अण्णा जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानापुढे रांग लागली. सरांनी सांगून ठेवले होते, ज्याला उपग्रह पाहायचा त्याने आधी रेडिओवर घड्याळ लावून जावे. अण्णांनीही माणसाबरोबर आपले घड्याळ पाठवले. साडेसातला मैदान भरलेले होते. सर अर्धगोल लावून उभे होते. मग कडुनिंबाच्या पश्चिमेला, सरांनी सांगितले होते तिथे, ठिपका वर आला.

अण्णांनी हलक्या आवाजात विचारले, "आत कोन बसलंय?"

"कोणी नाही."

"मंग हाकतंय कोन?"

"कोणी नाही. एकदा वेग दिला. वर अडवायला हवा जवळजवळ नाहीच."

ठिपका दिसेनासा होईपर्यंत अण्णांनी मान खाली केली नाही. मग म्हणाले, "बाबूराव, सकाळी पोती हलवा."

खोली मिळाली. तिच्यातला पहिला वर्ग सरांनी स्वतः घेतला नाही. आपली खुर्ची पुढे ओढून मला तिच्यावर बसवले आणि रेडिओच्या लहरी समजावून सांगायला लावले. स्वतः मागे बाकावर बसून प्रश्न विचारले. शाळेत खुर्चीवर बसण्याची ती माझी पहिली वेळ. बाबूराव आता खोलीचे झाडणे-पुसणे कुणाला करू देत नाहीत. भोंगा अजून तसाच आहे. सुधारला तर एस.टी. चुकेल, असे त्यांचे म्हणणे.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. आपल्या देशाचा स्वतःचा उपग्रह तयार होणार, असे वर्तमानपत्रात वाचतो. तो आकाशात जाईल त्या संध्याकाळी सरांनी आपल्या पायांनी गच्चीचा जिना चढावा, चष्म्याचा नंबर तिथेच थांबावा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे त्यांनी आम्हाला माना वर करायला लावावे, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.

एक गोष्ट नोंदवून थांबतो. उपग्रह अचूक वेळेला आल्याची बातमी पसरल्यावर भविष्याची पुस्तके छापणारे एक गृहस्थ मोटारीने माझ्या दुकानी आले. सर तिथेच होते. या नव्या उपग्रहांची बारा राशींवर होणारी फळे सरांनी दरवर्षी लिहून द्यावीत, नाव छापले नाही तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. सर म्हणाले, "तो कुठे दिसेल ते फुकट सांगतो. तुमचे काय होईल ते मला ठाऊक नाही." गृहस्थांनी आमच्यासमोर नोटा मोजून पाकीट स्टुलावर ठेवले होते. सरांनी ते उचलून त्यांच्या हातात दिले. आत एक हजार एक रुपये होते.