मनःशांतीचा क्रॅश कोर्स

अख्ख्या जगाला शांत करण्याचं कंत्राट द्यायचं झालं तर ते माझ्या आतेभावाला चुकूनही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि दिलंच, तर तो ते घेईल आणि जगाला ओरडून ओरडून शांत करेल, याचीही मला खात्री आहे. एवढा तापट माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नाही. माणसांवर सगळेच चिडतात. हा वस्तूंवर चिडतो. कुकरनं शिट्टी द्यायला उशीर केला, तर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याला जाब विचारतो. मोबाईलमधली रस्ता दाखवणारी बाई "उजवीकडे वळा" म्हणाली, की "तुला काय म्हाईत इथलं?" म्हणून मुद्दाम डावीकडे वळतो. एकदा तिच्याशी असा वाद घालत आम्ही कोल्हारला निघालो आणि श्रीरामपूरला पोचलो, तेव्हा गाडीतून उतरून मला म्हणाला, "बघ, चुकवलंच ना तिनं!"

असा हा दादा नागापूरला, एमआयडीसीच्या तोंडाशी, टायरच्या दुकानावरच्या खोलीत क्लास चालवतो. कसला क्लास, ते हवेवर असतं. पोलीस भरती निघाली की पोरांना पहाटे पळवतो, तलाठ्याची निघाली की सातबारा पाठ करून घेतो. मध्यंतरी कोपरगावकडच्या एका शिक्षणसंस्थेत एका गुरुजींनी भर प्रार्थनेत मुख्याध्यापकांच्या हातातला माईक ओढून घेतला आणि आपली रखडलेली वेतनश्रेणी सगळ्या शाळेला प्रार्थनेच्याच चालीवर ऐकवली. संस्थेनं धसका घेतला. यापुढे शिक्षक घेताना पदवी नंतर बघू, आधी डोकं बघू, असं ठरलं. त्यासाठी पुण्याहून एक मानसतज्ज्ञ बाई येणार होत्या. बातमी दुपारी आली आणि संध्याकाळी दादाच्या खिडकीवर नवा फलक लागला : 'शिक्षक मानसिक चाचणी. क्रॅश कोर्स. मनःशांती हमखास. वाद घालू नये.'

पहिल्याच दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं. मी पतसंस्थेत कारकून. पण मला चष्मा आहे, थोडीफार दाढी आहे आणि समोरचा काय बोलतोय ते अजिबात न कळल्यासारखा चेहरा आहे. तेवढ्या भांडवलावर दादानं मला सरावासाठी मानसतज्ज्ञ नेमलं. मीही मनापासून कामाला लागलो. पारनेरकडचा एक धिप्पाड उमेदवार समोर बसला होता, त्याला मी खोल आवाजात विचारलं, "तुमचं बालपण कसं गेलं?" तो रडायला लागला. त्याचं ऐकून मलाही भरून आलं. दादानं लांबून डस्टर फेकला, तो नेमका दोघांच्या मध्ये पडला. "मुलाखत घेतोय का दहाव्याला बसलाय रं?" असं त्यानं विचारलं. मी डस्टर परत नेऊन दिला.

या चाचणीत शाईचे डाग दाखवून 'काय दिसतं?' असं विचारतात, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. डाग पाडायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी कागदावर शाई सांडली, कागद दुमडला, उघडला. फुलपाखरू. दुसरा उघडला. फुलपाखरू. बालवाडीपासून मला हा एकच हस्तव्यवसाय येतो, त्याला मी तरी काय करणार? तिसऱ्या कागदावर शाई जास्त झाली आणि मला त्यात खेकडाभजी दिसली. पण दादा म्हणाला, "भजी म्हनशील तर हावरट ठरशील. सगळ्यांनी फुलपाखरू म्हनायचं. फुलपाखराला कोन नापास करतंय?" माणसाचं चित्र काढायला सांगितलं तर कान मोठे काढायचे, म्हणजे हा शिक्षक मुलांचं ऐकून घेतो असं वाटतं, हेही त्यानंच शिकवलं. एकीनं इतके मोठे काढले की तो माणूस गणपतीच्या मंडळात बसवण्याजोगा झाला. आणि शेवटचा अर्धा तास शांत चेहऱ्याचा. सगळे ओळीनं डोळे मिटून बसायचे आणि दादा बाकांमधून फिरत ओरडायचा, "शांत! शांत दिसा! तू, मागचा, भुवया खाली घे! शांती आन म्हनतो ना थोबाडावर!" खाली टायरवाला हवा भरायची थांबवून वर बघायचा.

हे सगळं चाललं होतं ते आमच्या वहिनीसाठी. दादा कबूल करत नव्हता, पण बाकीची पोरं म्हणजे नुसती पंगत होती. जेवायचं होतं ते वहिनीला. कित्येक वर्षं ती तासिका तत्त्वावर गणित शिकवत होती. जूनमध्ये ठेवून घ्यायचे, एप्रिलमध्ये सोडून द्यायचे. दर उन्हाळ्यात ती कुरडया घालायची आणि मनात म्हणायची, आता परत बोलावतील की नाही. वयाची अट संपत आली होती आणि ही कायमची जागा हुकली तर पुढे दुसरी मिळणार नव्हती. दादा तिची तयारी घरीसुद्धा घ्यायचा. ती भाकरी थापत असताना मागून अचानक विचारायचा, "राग येतो का?" "येत नाही," असं ती तव्याकडे बघत म्हणायची. "असं न्हाई! हसून म्हन!" ती हसून म्हणायची. मग माझ्याकडे वळून हळूच, "भावजी, तेवढं ते फुलपाखराचं मला काही जमायचं नाही हो."

चाचणीच्या दिवशी मी रजा काढून दोघांबरोबर कोपरगावला गेलो. दादाला फाटकातून आत सोडलं नाही, म्हणून तो रखवालदाराशी भांडत बसला. आमचे पहिले उमेदवार हसत बाहेर आले. "फुलपाखरू सांगितलं सर!" मधले जरा गंभीर होते, बाई आता रंग कोणता ते विचारायला लागल्या होत्या. शेवटचे पांढरेफटक पडून आले. पारनेरच्या गड्यानं घाईघाईत बाईंनी कागद सुलटा करायच्या आतच "फुलपाखरू" म्हणून टाकलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्ही सगळे एकाच क्लासचे का हो?" त्यावर तो पुन्हा रडला म्हणे. दादानं माझ्याकडे असं बघितलं, की मी रखवालदाराच्या मागे जाऊन उभा राहिलो. वहिनी अजून आत होती. ती बाहेर आली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "चला, बस चुकेल."

कोल्हारपर्यंत दादा कसाबसा गप्प बसला. स्टँडवर बस थांबली, वहिनीनं खिडकीतून तिखटमीठ लावलेले पेरू घेतले, एक मागच्या सीटवर मला दिला, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"फुलपाखरू म्हनालीस का न्हाई?"

"नाही. शाईचा डाग आहे म्हटलं. ज्यानं सांडली त्याला आधी पुसायला लावीन म्हटलं."

मी पेरूत तोंड खुपसलं.

"झालं! गेली नोकरी! आन राग?"

"येतो म्हटलं." ती पेरूची फोड हातात धरून सावकाश बोलत होती. "सकाळी घरातून निघताना नाकापर्यंत असतो. बसमध्ये निम्मा उतरतो. वर्गात शिरले, पोरं नमस्ते म्हणून उभी राहिली, की काही उरत नाही. म्हणून तर मला शाळा हवीय, असं सांगितलं त्यांना."

आता गाडी पेटणार म्हणून मी पाय आखडून घेतले. पण दादा तिकिटाची घडी घालत बसला. राहुरी गेलं. ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागे पडल्या. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "रोज?"

"रविवारी जरा जड जातं. उतरवायला शाळा नसते ना." आणि तिनं उरलेली फोड त्याच्या हातावर ठेवली.

वहिनीची निवड झाली. दादाच्या क्लासमधून दुसरं कोणी लागलं नाही. फुलपाखरांची कीर्ती जिल्हाभर झाली आणि खिडकीवरचा फलक उतरला. वहिनी आता आठवडाभर कोपरगावला खोली घेऊन राहते, शनिवारी दुपारच्या बसनं येते.

थंडीत एका बुधवारी मी संध्याकाळी नागापूरला गेलो होतो. दादा चहा करत होता. बोलता बोलता दूध उतू गेलं, गॅसवर, ओट्यावर, खाली फरशीवर. मी सवयीनं मागं सरलो. त्यानं नुसतं फडकं घेतलं आणि पुसून काढलं, नीट, कोपऱ्यापर्यंत. कुकर कट्ट्यावर पालथा पडला होता. "जेवायला थांब," म्हणाला, "खिचडी टाकतो." एवढ्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मला मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. पोरांच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते, म्हणाली, आणि नदीकडून वारं येतंय, गारठलेय जरा. झालं! स्वेटर का नेला न्हाईस, खिडकी कोनी उघडी ठेवली, पेपर काय पळून चालले होते काय, असा दादा पाच मिनिटं खिडकीच्या काचा हलतील एवढा ओरडला. पलीकडून वहिनीचं हसू मला इकडे ऐकू येत होतं. त्यानं फोन ठेवला, मान खाली घालून खिचडीसाठी तांदूळ निवडायला घेतले आणि म्हणाला, "बरी हाय ती."