सावलीच्या बाजूची जागा

चितेगावच्या कंपनीत जाणाऱ्या आमच्या बसमध्ये ते गृहस्थ गारखेड्याला चढायचे आणि कायम उजवीकडं बसायचे. सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा ऊन डावीकडून येतं. उजवीकडं जागा नसली, तर डावीकडची रिकामी सोडून ते उभे राहायचे, एक हात शर्टाच्या खिशावर ठेवून. मला मनातल्या मनात हसू यायचं.

एकदा ते माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, "काका, ऊन बाधतं का तुम्हाला?"

"मला नाय, ह्याला." त्यांनी खिशातून एक जाड कागद काढला. त्यावर समुद्रातलं लाल शेवाळ वाळवून चिकटवलेलं होतं. रत्नागिरीला शिकणाऱ्या लेकीनं ते पाठवलं होतं.

"हे लई खोलातलं. तिथं उजेड जरासाच पोचतो, तो बी निळा. तेवढ्यावर जगायचं म्हणून हे लाल झालं. उन्हात धरलं की रंग उडतो, असं ती सांगायची."

"सांगायची म्हणजे?"

"तिकडंच तापानं गेली. दिवाळीला यायची होती."

त्यानंतर मी रोज त्यांच्यासाठी उजवीकडची जागा धरून ठेवू लागले.

परवा त्यांनी तो कागद माझ्यापुढं धरला. "ताई, अजून लाल हाय ना?"

शेवाळ वाळक्या गवतासारखं पिवळट पडलं होतं.

"हाय की, काका."

त्यांनी कागद सावकाश खिशात ठेवला आणि वर हात ठेवला.

"तिची आई बी असंच म्हणते," ते म्हणाले.