आत्यांना सांगितलेली मालिका

मालिकांबद्दल माझं मत काय, हे न्हावऱ्यात कुणालाही विचारा. बचत गटाच्या ग्रुपवर मी रोज सकाळी आदल्या दिवशीच्या भागाची चिरफाड बोलून पाठवते, आणि बाया भाकरी थापता थापता ऐकतात. कोणाला रडता येत नाही, कोणाची साडी कोणाच्या बोलण्यापेक्षा भारी, सगळं उघड बोलते. तोंडावर बोलणारी म्हणून माझी ख्याती आहे. ही एक गोष्ट मात्र मी आजवर नवऱ्यापुढं काढली नाही, मुलापुढं नाही, माझ्या आईपुढंसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही — त्यामुळं जमेल कदाचित.

पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलते. एकदम नाही येत तोंडातून.

संध्याकाळची जी मालिका आमच्याकडं लागते, तिचं नाव नको. शेतकऱ्याचं घर म्हणून दाखवतात आणि उसाच्या पाचटाचा एक ओरखडा कुणाच्या हातावर नाही. गोठा आहे, पण शेणाचं घमेलं कधी दिसलं नाही. बाया पहाटे उठतात त्याच काठापदराच्या साडीत. एक थप्पड मारली की ती तीन बाजूंनी दाखवतात, मग घरातल्या प्रत्येकाचं तोंड दाखवतात, मग जाहिरात. दुधात कोणी काही कालवलं, तर तो पेला ओठाला लागायला आठवडा जातो. आणि तरी मी एक भाग चुकवत नाही. का? ते मला विचारू नका. चिडायला रोज काहीतरी लागतं माणसाला.

त्यापेक्षा आमच्या ओंकारचा खेळ बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे. ओंकार माझा मुलगा, शिरूरला कॉलेजात जातो. कानात वायरी घालून तो बंदुकीचा खेळ खेळतो आणि कुठल्या कुठल्या पोरांना हिंदीत ओरडून सांगतो, पीछे है, पीछे है. आवाजानं डोकं उठतं, हे खरं. पण त्यात मेला तो मेला. मालिकेत मेलेला माणूस दोन महिन्यांनी दुसरं तोंड घेऊन परत येतो आणि त्याच्या बायकोलाही काही वाटत नाही. मीही खेळते — शेतीचा. हसा खुशाल. बाहेर खऱ्या कांद्यावर करपा पडलेला असतो आणि मी फोनमध्ये भोपळे काढत असते. तिथं मोटार चालू करायला लाइटची वाट बघावी लागत नाही, गाईंच्या डोक्यावर बदाम उमटतात. इतकी खोटी शेती मी कुठं पाहिली नाही. पण भोपळे येतात हो वेळेवर.

बघा, लांबवतेय मी.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळे लख्ख, पण कान गेलेले. मशीन आणलं होतं. कानात गिरणी चालू झाल्यासारखी वाटते म्हणून त्यांनी ते डबीत घालून देवघरात ठेवून दिलं. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं की कळतं. मात्र टीव्हीचं एक अक्षर कळत नाही.

या बाईचा मान काय होता, तेही सांगायला हवं. आमच्यात लग्न जुळवताना देवक बघतात, म्हणजे कुळानं पुजायचं झाड, कोणाचं कळंब तर कोणाचं पिंपळ. दोन्ही घरांचं देवक एक निघालं, तर सोयरीक होत नाही. हल्लीच्या पोरांना आपलंच देवक माहीत नसतं. आत्यांना मात्र अर्ध्या तालुक्याची देवकं पाठ होती. कोणाची आजी कुठल्या घरची, कोण दत्तक गेला, कोणती भावकी कधी फुटली. वडगाव रासाईहून, कवठे येमाईहून माणसं गाडी करून यायची. चहा व्हायचा आणि मग आत्या सांगायच्या, बसतंय किंवा बसत न्हाई. त्यावर कोणी दुसऱ्याला विचारायला जात नसे. घरातही तसंच. त्यांचा शब्द तो शेवटचा, आणि तो बहुतेक वेळा माझ्या विरोधात.

संध्याकाळी त्या टीव्हीपुढं बसायच्या, मी शेजारी भाजी निवडत. पडद्यावर कोणाचे ओठ हलले की त्या मला कोपरानं ढोसायच्या, "काय म्हनली गं ती?" आणि मी कानाशी तोंड नेऊन सांगायची. वर्षानुवर्षं सांगितलं. इमानानं सांगितलं, हे खरंच.

त्या मालिकेत दोन सुना आहेत. थोरली कारस्थानी, धाकटी म्हणजे देवाघरचं फूल. धाकटी मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जाते. तिला कितीही बोला, ती खाली मान घालून ओठ चावणार. अशी बाई मी तरी बघितलेली नाही, आणि असली तर तिला कोणीतरी शिरूरला डॉक्टरांना दाखवायला न्यावं. पण आत्यांना ती फार आवडायची. रोज, अगदी रोज, मला ऐकवायच्या — "बघ, चढा आवाज न्हाई पोरीचा. सासू बोलली तर गप ऱ्हाती. आन् तू?"

एका संध्याकाळी धाकटी सासूच्या पाया पडून काहीतरी म्हणाली. आत्यांनी ढोसलं. मी म्हणाले, "म्हनती, म्हातारे, चार दिवस थांब, मग बघते तुझ्याकडं."

का म्हणाले? मौज म्हणून? हो, आधी मौजच होती. आत्यांचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला "आन् तू?" विचारलं नाही. आणि ते मला फार गोड लागलं — हे तुमच्यापासून काय लपवू?

मग मी रोज करू लागले. तुम्हाला वाटेल, डोळ्यांना दिसतंय त्यांच्या, खोटं कसं टिकेल? अहो, या मालिकांमध्ये काय दिसतं? चार बाया उभ्या, डोळे मोठे केलेले, वीज कडाडते. त्यांच्या तोंडी काहीही घाला, बसतं. धाकटी सासूला दूध देते — "आत्या, त्यात काहीतरी कालवलंय तिनं." थोरली दारामागून टपून ऐकते — "बिचारी सासूला वाचवायला आलीय." हळूहळू मी अख्खी मालिका उलटी केली. खरं सांगू, माझी मालिका मूळच्यापेक्षा चांगली होती. त्यातली थोरली माझ्यासारखं बोलायची. जे मला आत्यांना सुनावायचं असायचं, ते मी तिच्या तोंडून सुनावलं. एकदा तर सासूच थोरलीला म्हणाली, माझं चुकलं गं पोरी. आत्यांनी ते ऐकलं आणि माझ्या ताटातल्या मूठभर शेंगा आपल्याकडं ओढल्या. मीही वाटाणे सोलत राहिले.

मला कळायला हवं होतं की मालिका फक्त आमच्या घरात लागत नाही.

सकाळी आत्या दूध घालायला डेअरीवर जायच्या. तिथं रांगेत बाया मालिकेचंच बोलतात. आत्यांनी सांगितलं, धाकटी लई बाराची हाय, सासूला इख घालती. बाया हसल्या. म्हणाल्या, आवं आत्या, ती तर लक्ष्मी हाय, कालच सासूनं तिची वटी भरली. आत्या हटल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणि बघितलंच होतं की त्यांनी. रोज भांडण होऊ लागलं. पुढं बाया नुसत्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण मला म्हणालीसुद्धा, "आत्याचं जरा बघा गं, काहीबाही बोलत्यात." मी म्हणाले, "वय झालंय."

तिथं थांबता आलं असतं. हसण्यावारी नेऊन सांगता आलं असतं, अगं मीच चेष्टा करते त्यांची. गावानं दोन दिवस मला नावं ठेवली असती. मग?

मग दिवाळीला नणंद आली, दौंडहून. तिच्या सासरीही हीच मालिका बघतात. आत्यांनी तिला मालिकेची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, नावनिशीवार, कोणी कोणाला काय म्हटलं ते सुद्धा. नणंद ऐकता ऐकता पांढरी पडली. स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. म्हणाली, "वहिनी, आमच्या सासरच्या आजीचं आसंच सुरू झालं व्हतं. शेवटी पोरांना वळकत नव्हती." माझ्या हातात लाडवाचं पीठ होतं. तिला जवळ घेता येत नव्हतं, त्यामुळं मी तशीच उभी राहिले.

त्या रात्री जेवताना ह्यांनी मला विचारलं. माझा नवरा साधा माणूस आहे, कारखान्यात शिफ्ट करतो, घरी येऊन कांदा बघतो. संशय घेणं त्याच्या स्वभावात नाही. "तू सांगतीस ना तिला नीट?" एवढंच म्हणाले.

"सांगते की," मी म्हणाले. "आता त्या काय ऐकतात अन् काय धरून बसतात, मला काय ठाऊक."

किती सहज आलं ते. भाकरी मोडता मोडता.

दौंडच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांना दोष देता येणार नाही, घरच्यांनी सांगितलं तेच त्यांना माहीत. भले गृहस्थ होते. आत्यांच्या कानाशी येऊन, मोठ्यानं, सावकाश बोलले. आजी, टीव्ही बघता का? काय बघता? आणि आत्या खुलल्या. इतके दिवस सगळे त्यांना गप्प करत होते, इथं कोणीतरी आपणहून विचारत होतं. त्यांनी माझी मालिका सांगितली. मी पावसाळ्यात एकदा सहज घातलेलं वाक्य — मीही विसरले होते ते — जसंच्या तसं. कुठं काही गळलं नाही. एवढी शाबूत आठवण त्या खोलीत दुसऱ्या कोणाचीच नसेल. डॉक्टरांनी नणंदेकडं बघितलं. तिनं डोळे पुसत मान हलवली, म्हणजे असं काहीच नाहीये मालिकेत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण रोज शेजारी मीच बसते.

मी मिठाची गुळणी धरून बसले. तोंडावर बोलणारी मी.

गोळ्या सुरू झाल्या. त्यानं सुस्ती यायची. डेअरीवर जाणं बंद केलं, रस्ता चुकतील म्हणून. ज्या रस्त्यानं त्या लग्न होऊन आल्या, तो रस्ता. देवघराची किल्ली, धान्याच्या कोठीची किल्ली ह्यांनी माझ्याकडं दिली. मी घेतली.

हे सगळं होऊनही मी अजून मुख्य सांगितलेलं नाही.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मला हाक मारली, शेजारी बसवलं. इकडंतिकडं बघितलं. मग एकदम हळू आवाजात — त्यांना स्वतःला ऐकू आला असेल का, कोण जाणे — म्हणाल्या, "आगं, येक इचारू? ते धाकटीचं दुधाचं... तूच सांगितलं व्हतंस ना मला? मी आपली तू सांगशील तसंच बोलले ना?"

माझ्यावर आळ घेत नव्हत्या त्या. रागही नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी हो म्हणावं. एक हो. ते म्हणणारं माणूस जगात एकच होतं. पण हो म्हटलं असतं, तर पुढं डॉक्टर, नणंद, नवरा, डेअरीवरच्या बाया, सगळे उभे होते.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "न्हाई आत्या. मी आसं कवा म्हनले?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मंग माझंच फिरलं आसंल गं." आणि माझा हात थोपटला. मला वाईट वाटू नये म्हणून.

आता मी मालिकेतलं एकेक अक्षर खरं सांगते. त्या ऐकतात, मान हलवतात. विचारत काही नाहीत. ग्रुपवर माझी मतं रोज जातात, बाया अंगठे पाठवतात. मी वाईट माणूस आहे का? हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला, पण तोही मला सोपाच वाटतो. म्हातारीची चेष्टा केली ती वेगळी गोष्ट. तिनं स्वतःचं डोकं शाबूत आहे का म्हणून मला विचारलं, आणि मी ते काढून घेतलं, शुद्धीत, भर दुपारी.

परवा कवठे येमाईहून माणसं आली होती. त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं. पोरीच्या बापानं आत्यांच्या पाया पडून दोन्ही घरांची नावं सांगितली, देवक जुळतंय का विचारलं. आत्यांचे डोळे क्षणभर पूर्वीसारखे झाले, ओठ हलले. मग म्हणाल्या, "माझ्या सांगन्यावर नका जाऊ. माझं डोकं ठिकान्यावर नसतं." माणसं अवघडली. चहा पिऊन गेली.

मी कपबशा गोळा करत होते. आत्या मागून म्हणाल्या, "दोन्हीकडं कळंबच हाय, सोयरीक बसायची न्हाई. व्हय ना गं? का हे बी माझ्याच डोक्यातलं?"

गाडी अजून वळणावर दिसत होती. हाक मारली असती तर थांबली असती.

मी म्हणाले, "तुम्ही नका आत्या डोक्याला ताण देऊ."

"बरं," त्या म्हणाल्या. माझं लग्न झाल्यापासून त्या मला कधी बरं म्हणाल्या नव्हत्या. आता प्रत्येक गोष्टीला म्हणतात.